'मनीबॉल' किती खरा? पडद्यावर जेमतेम आलेल्या पाच माणसांपासून सुरुवात करावी लागेल

प्रश्न असा आला आहे: 'मनीबॉल' हा बेसबॉलवरचा २०११ चा सिनेमा पाहिल्यावर वाटतं की लॅपटॉप घेऊन आलेल्या एका मुलानं गरीब संघाला जिंकायला शिकवलं. असं खरंच झालं होतं का? आणि बेसबॉलवरचे सिनेमे संघांचं, आकडेवारीचं जे चित्र दाखवतात, त्यावर किती विश्वास ठेवावा?

मी गेली सोळा वर्षं अमेरिकेत बेसबॉलच्या आकडेवारीचंच काम करतोय. त्यातली पहिली सहा वर्षं मायनर लीगच्या (सर्वोच्च मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांच्या) मैदानांवर, पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) मागच्या कॅमेऱ्यांच्या वायरी ओढण्यात आणि रात्री दोन वाजता त्या दिवसाची नोंद तपासण्यात गेली. आमच्याकडच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीला भेटणारं कोणी ना कोणी हाच प्रश्न विचारतं, आणि मोदकाच्या ताटापाशी उभं राहून त्याचं उत्तर पूर्ण होत नाही. म्हणून इथे नीट लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. सिनेमातली कल्पना खरी आहे, पण संघ जिंकला त्यामागचं कारण चुकीच्या जागी दाखवलं आहे.

सिनेमा ज्याच्यावर आहे तो २००२ चा ओकलंड ॲथलेटिक्स हा संघ घ्या. १६२ पैकी १०३ सामने जिंकले. खेळाडूंच्या पगाराचा एकूण खर्च सुमारे ४ कोटी डॉलर, तर न्यूयॉर्क यांकीजचा १२ कोटींच्या वर. सलग २० विजय, अमेरिकन लीगमधला (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एका भागातला) तेव्हाचा विक्रम. इथपर्यंत सिनेमा आणि इतिहास हातात हात घालून चालतात. आता सिनेमात कोण दिसतं ते आठवा. कोपर निकामी झालेला कॅचर (विकेटकीपरसारखा खेळाडू) स्कॉट हॅटेबर्ग, उतारवयातला डेव्हिड जस्टिस, जमिनीलगतून विचित्र चेंडू टाकणारा चॅड ब्रॅडफोर्ड. तिघांचीही गोष्ट मनाला भिडते. पण त्या संघाचा बॅरी झिटो त्या वर्षी २३ सामने जिंकून अमेरिकन लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन गेला. मार्क मल्डरनं १९ सामने जिंकले, टिम हडसननं १५. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) मिगेल तेहादा लीगचा सर्वात मौल्यवान खेळाडू ठरला: ३४ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके), आणि त्याच्या फटक्यांवर संघाच्या १३१ धावा झाल्या. थर्ड बेसवरच्या एरिक चावेझचेही ३४ होमरन होते. ही पाच माणसं सिनेमात जवळपास पार्श्वभूमीला आहेत. आपल्याकडे १९८३ च्या विश्वचषकावर सिनेमा काढावा आणि त्यात कपिल देव ओझरता दिसावा, तसं हे झालं.

ही पाच माणसं स्वस्तात कशी मिळाली, हा या सगळ्यातला माझ्या दृष्टीनं सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि सिनेमा तो विचारतच नाही. मेजर लीगच्या नियमानुसार खेळाडूला मोकळ्या बाजारात जायला सहा वर्षांची सेवा पूर्ण व्हावी लागते. त्यातली पहिली साधारण तीन वर्षं संघ देईल तो पगार. २००२ मध्ये किमान पगार होता २ लाख डॉलर, आणि साय यंग जिंकणारा झिटो त्याच्या थोडासाच वर होता. त्याच सुमारास ओकलंडचा मोठा बॅटर जेसन जियांबी यांकीजकडे गेला तो सात वर्षांच्या १२ कोटी डॉलरच्या करारावर. म्हणजे ओकलंडची खरी श्रीमंती होती तरुण, घरी वाढवलेले आणि अजून महाग न झालेले खेळाडू. त्यांना शोधलं कोणी? हडसनला १९९७ च्या ड्राफ्टमध्ये (संघ फेरीफेरीनं नवे खेळाडू निवडतात त्यात) सहाव्या फेरीत उचललं. बारीक चणीचा, पहिल्या पाच फेऱ्यांत सगळ्या संघांनी सोडलेला मुलगा. मल्डर १९९८ मध्ये, झिटो १९९९ मध्ये. तेहादाला तर डॉमिनिकन रिपब्लिकमधून पोरवयातच करारबद्ध केलं होतं. ही कामगिरी स्काउट मंडळींची, म्हणजे खेळाडू हेरणाऱ्यांची, आणि मायनर लीगमधल्या प्रशिक्षकांची. सिनेमात ज्यांना टेबलाभोवती बसवून तंबाखू थुंकताना आणि खेळाडूच्या मैत्रिणीच्या रूपावरून त्याचा आत्मविश्वास मोजताना दाखवलंय, तीच ही माणसं.

मला या गोष्टीचं मनापासून वाईट वाटतं, कारण स्काउटचं काम मी जवळून पाहिलंय. माझ्या दुसऱ्या सीझनची गोष्ट. होमप्लेटच्या (बॅटर उभा राहतो त्या जागेच्या) मागे तिसऱ्या रांगेत सत्तरीच्या आसपासचे एक स्काउट बसायचे. मांडीवर वही, एका हातात स्टॉपवॉच. बॅटरनं चेंडू मारल्यापासून फर्स्ट बेसवर पाय पडेपर्यंतचा वेळ ते मोजायचे. उजव्या हाताच्या बॅटरला ४.३ सेकंद म्हणजे साधारण, ४.१ आला की वहीत रेघ ओढायचे. एके दिवशी चौथ्या इनिंगनंतर ते पिचरकडे बघत मला म्हणाले, "या पोराचं कोपर खाली यायला लागलंय. उद्या विचार त्याला, खांदा दुखतोय का." माझ्या पडद्यावर तर त्याचा वेग जसाच्या तसा होता. मी रात्री नोंदी उघडल्या. चेंडू हातातून सुटण्याची उंची पहिल्या इनिंगपेक्षा पाचव्यात सुमारे दोन इंचांनी उतरली होती. आकडा माझ्याकडे होता, पण त्याला काय विचारायचं हे मला ठाऊक नव्हतं. त्यानंतर ती उंची आम्ही प्रत्येक पिचरसाठी इनिंगनिहाय पाहू लागलो. खऱ्या संघात आकडेवारी आणि डोळा यांचं नातं हे असं असतं. भांडणं होतात, नाही असं नाही. पण सिनेमात दिसते तशी एका बैठकीत निकाल लावणारी लढाई मी कधी पाहिलेली नाही.

त्या बैठकीचंच घ्या. सिनेमात स्काउट प्रमुख ग्रेडी फ्युसनचं जनरल मॅनेजर (खेळाडूंची निवड आणि खरेदी-विक्री पाहणारा) बिली बीनशी कडाक्याचं भांडण होतं आणि त्याची नोकरी जाते. प्रत्यक्षात फ्युसन २००१ च्या सीझननंतर टेक्सास रेंजर्सकडे मोठ्या पदावर गेला आणि पुढे काही वर्षांनी ओकलंडला परतलाही. जोना हिलनं केलेला पीटर ब्रँड नावाचा माणूस अस्तित्वातच नाही. ती भूमिका पॉल डेपोडेस्टावर बेतलेली आहे. आपलं नाव वापरू नये असं त्यानंच सांगितलं. तो येलचा नव्हे, हार्वर्डचा, आणि ओकलंडला आला १९९९ मध्ये. म्हणजे मोठे खेळाडू सोडून गेल्याचं सिनेमातलं संकट उभं राहायच्या आधी तो तिथे तीन सीझन काम करत होता. त्याच्याही आधी सँडी ऑल्डरसन जनरल मॅनेजर असताना एरिक वॉकर नावाच्या लेखकाकडून बॅटरचं पहिलं काम आउट न होणं हेच आहे, असं मांडणारं टिपण करून घेतलं गेलं होतं. बीन त्या तालमीत तयार झालेला माणूस. तेव्हा एका हिवाळ्यात क्रांती झाली, हे खरं नाही. ही शेती दहा वर्षं चालली होती.

आता हिशेबाकडे येतो, कारण याबद्दल सिनेमाचं कौतुकही करायचं आहे. फळ्यासमोर उभं राहून ब्रँड म्हणतो की प्लेऑफसाठी (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांसाठी) ९९ विजय लागतील, त्यासाठी किमान ८१४ धावा करायच्या आणि ६४५ पेक्षा जास्त द्यायच्या नाहीत. अनेकांना हे लेखकानं हवेतून काढलेले आकडे वाटतात. करून बघा. बेसबॉलच्या आकडेवारीवर लिहिणाऱ्या बिल जेम्सचं जुनं सूत्र आहे: केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. ८१४ आणि ६४५ घातले की उत्तर येतं ०.६१४, १६२ नं गुणलं की ९९ च्या किंचित वर. बरोबर बसतं. सिनेमावाल्यांनी इथे मेहनत घेतली आहे.

पण मग प्रत्यक्ष सीझन त्याच सूत्रात घाला. २००२ मध्ये ओकलंडनं धावा केल्या ८००, दिल्या ६५४. उत्तर येतं सुमारे ९७ विजय. मिळाले १०३. वरचे सहा विजय कुठून आले? थोडे शेवटच्या इनिंगमध्ये येऊन ४४ सामने राखणाऱ्या बिली कॉखमुळे, आणि थोडे नशिबानं. नशीब हा शब्द आमच्या धंद्यात शिवी नाही, हिशेबातला एक रकाना आहे. आणि आता त्याच्या आधीचं वर्ष पाहा. २००१ मध्ये, जियांबी आणि जॉनी डेमन संघात असताना, याच संघानं ८८४ धावा केल्या होत्या आणि ६४५ दिल्या होत्या. म्हणजे जियांबीची जागा तिघांच्या बेरजेनं भरून काढू, असं जे सिनेमात सांगितलं जातं, ते पूर्ण झालंच नाही. ८४ धावा कमी झाल्या. आमचा ढोबळ हिशेब आहे की दहा धावा म्हणजे एक विजय. तेव्हा फलंदाजीत आठेक विजयांचं नुकसान झालं. दिलेल्या धावा मात्र फक्त नऊनं वाढल्या. संघ तरला तो झिटो, मल्डर, हडसन यांच्यामुळे आणि ऑगस्ट महिन्यात जवळपास धावच न देणाऱ्या चौथ्या पिचर कोरी लिडलमुळे. पिचिंग काढून 'मनीबॉल' सांगणं म्हणजे वरणाशिवाय वरणभात वाढणं.

मग हॅटेबर्गला आणण्यात अर्थ नव्हता का? होता, आणि भरपूर होता. तो नीट समजायला क्रिकेट उपयोगी पडतं. बेसबॉलमध्ये चार वाईट चेंडू सोडले की बॅटर फुकट फर्स्ट बेसवर जातो. त्याला वॉक म्हणतात. शंभर वर्षं या वॉकला कोणी बॅटरची करामत मानलीच नाही, पिचरची चूक मानली. मुंबईच्या मैदानांवर वाढलेल्या माणसाला हे चटकन कळेल. ऑफस्टंपबाहेरचा चेंडू सोडत राहणारा, विकेट न फेकणारा खडूस सलामीवीर संघासाठी काय करतो, हे स्कोअरबुकात दिसत नाही, पण दुपारी चहापानापर्यंत समोरचा गोलंदाज दमलेला असतो. हॅटेबर्ग त्या जातीचा. २००२ मध्ये त्याचं ऑन-बेस पर्सेंटेज होतं .३७४, म्हणजे दर हजार खेपांपैकी ३७४ वेळा तो आउट न होता बेसवर पोहोचला. संघाला सामन्यात २७ च आउट मिळतात त्या खेळात ही मोठी गोष्ट आहे. आणि बाजारात त्याला तेव्हा किंमत नव्हती, कारण बाजार होमरन आणि सरासरी पाहून पैसे मोजत होता. सिनेमाचा गाभा हाच आहे आणि तो शंभर टक्के खरा आहे. ज्या गुणाला बाजार कमी भाव देतो तो विकत घ्या. फक्त त्यातून मिळतं ते सीझनला दोन विजय, तीन विजय. संघ आधीच ९० च्या घरात असेल तर ते तीन विजय सोन्याचे. नसेल तर कोणाला कळतही नाही.

मैदानावर संघ चालवणाऱ्या मॅनेजर आर्ट हाऊला सिनेमात हटवादी दाखवलंय. तो हॅटेबर्गला बसवून कार्लोस पेन्याला खेळवत राहतो आणि बीनला पेन्या विकावा लागतो. प्रत्यक्षात हॅटेबर्ग १६२ पैकी १३६ सामने खेळला. बसवून ठेवलेला माणूस इतके सामने खेळत नाही. पेन्याला मे महिन्यात फॉर्म हरवल्यावर मायनर लीगमध्ये पाठवलं गेलं आणि जुलैच्या सुरुवातीला ट्रेड झाला, म्हणजे तो दुसऱ्या संघाला दिला गेला. जेसनचा भाऊ जेरेमी जियांबी त्याच्या सहा आठवडे आधी, २२ मे रोजी गेला. सिनेमात दोघं एकाच दिवशी जातात. शिवाय जेरेमीला २००२ साठी नव्यानं घेतल्यासारखं दाखवलंय. तो २००० पासून तिथेच होता, आणि २००१ च्या प्लेऑफमध्ये यांकीजच्या डेरेक जीटरच्या प्रसिद्ध फेकीवर होमप्लेटवर आउट झाला तो हाच. ब्रॅडफोर्डही आदल्या वर्षी ओकलंडकडून खेळलेला होता. तारखा मागेपुढे करणं मी समजू शकतो, दोन तासांत सहा महिने बसवायचे असतात. पण हयात असलेल्या माणसाला खोटा खलनायक करणं मला पटत नाही. हाऊनं आपलं दुःख जाहीरपणे बोलून दाखवलं, आणि ते योग्यच होतं. लागोपाठच्या दोन सीझनमध्ये १०२ आणि १०३ सामने जिंकणाऱ्या मॅनेजरची लोकांच्या मनातली प्रतिमा आज ती आहे.

जे अचूक आहे तेही सांगायला हवं. ट्रेडच्या शेवटच्या दिवसांतली फोनाफोनी. एका फोनवर भाव पाडायचा, दुसऱ्यावर प्रतिस्पर्ध्याला दुसरा खेळाडू सुचवायचा, तिसऱ्यावर मालकाकडून दोन-अडीच लाख डॉलर मागायचे. पिचर रिकार्डो रिंकोनचा ट्रेड खरंच तसा झाला. क्लीव्हलंडचा संघ तेव्हा ओकलंडमध्येच खेळायला आला होता, आणि रिंकोन पाहुण्यांच्या ड्रेसिंग रूममधून निघून यजमानांच्या खोलीत गेला. खेळाडूला कपाट रिकामं करायला सांगण्याचा तो रुक्ष अर्धा मिनिट, त्यात एकही जास्तीचा शब्द नसणं, हे मी ज्या दोन-तीन वेळा प्रत्यक्ष पाहिलंय तेव्हा अगदी असंच होतं. मैदानावरच्या हालचालीही खऱ्या वाटतात, कारण तेहादाच्या भूमिकेत रॉयस क्लेटन हा स्वतः मेजर लीग खेळलेला शॉर्टस्टॉप आहे आणि इतर काही कलाकारही मायनर लीगमधून आलेले आहेत.

आकडेवारीचं काम मात्र कोणताच सिनेमा दाखवू शकलेला नाही. पडद्यावर हिरव्या आकड्यांच्या ओळी धावतात आणि नायकाला उत्तर सापडतं. आमचे दिवस जातात ते नोंदी साफ करण्यात. एकाच खेळाडूची दोन नावं, पावसानं थांबलेला सामना, वाकडा बसलेला कॅमेरा. त्या काळात ओकलंडकडे एव्हीएम सिस्टिम्स या कंपनीची माहिती होती. आर्थिक बाजारातून आलेल्या लोकांनी काढलेली ही कंपनी मारलेला प्रत्येक चेंडू किती जोरात, कुठल्या दिशेनं गेला आणि कुठे पडला याची नोंद ठेवायची, म्हणजे फटक्याचं मोल नशिबापासून वेगळं काढता यावं. आजच्या कामाचं बीज ते आहे. सिनेमात त्याचा मागमूसही नाही. २०१५ पासून प्रत्येक मेजर लीग मैदानावर स्टॅटकास्ट ही मोजणीची यंत्रणा आली, आता चेंडूची फिरकी, बॅटवरून सुटतानाचा वेग, क्षेत्ररक्षकाचं पहिलं पाऊल, सगळं मोजलं जातं. वॉकला आज कोणी कमी भाव देत नाही. ते दुकान कधीच बंद झालं. 'मनीबॉल' बघून "आजही असंच चालतं का" असं विचाराल तर उत्तर नाही असं आहे. आज आम्ही खेळाडू निवडण्यापेक्षा खेळाडू घडवण्यावर जास्त वेळ घालवतो. पिचरनं बोटं शिवणीवर कुठे ठेवली की चेंडू किती जास्त वळतो, असल्या गोष्टींवर.

बाकीच्या सिनेमांबद्दल थोडक्यात. 'मनीबॉल'च्या पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, 'ट्रबल विथ द कर्व्ह' आला. त्यात क्लिंट ईस्टवूडचा म्हातारा स्काउट बॅटचा आवाज ऐकून खेळाडू ओळखतो आणि संगणकवाला तोंडावर पडतो. ही त्याच चुकीची दुसरी बाजू आहे. बॅटचा आवाज अनुभवी कानाला खरंच काही सांगतो, पण एखादा बॅटर वळणाऱ्या चेंडूवर चुकतो का, ही तर आकडेवारीत सगळ्यात आधी दिसणारी गोष्ट आहे. 'बुल डरहॅम' मात्र मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून पाहायला सांगतो. त्याचा लेखक-दिग्दर्शक रॉन शेल्टन स्वतः मायनर लीगमध्ये खेळलेला. त्यात एकही आकडा फळ्यावर लिहिलेला नाही, पण बसमधली रात्र, आणि वरच्या लीगमध्ये टिकू न शकलेला अनुभवी कॅचर एका बेफाम पिचरला कसा शिकवतो, हे इतकं खरं आहे की आमच्या तक्त्यांमध्ये न मावणारी बाजू तिथेच कळते. आपल्याकडचे बरेच जण 'मिलियन डॉलर आर्म' पाहून बेसबॉलकडे वळले. त्यातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भारतीय मुलांना २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं करारबद्ध केलं, ते खरं. सिनेमा तिथे टाळ्या घेऊन संपतो. नंतर पटेल भारतात परतला, सिंग आणखी काही वर्षं खालच्या लीगमध्ये टाकत राहिला आणि दुखापतींनी थांबला. रडार गनवरचा एक आकडा तुम्हाला दारापर्यंत नेतो. आतल्या खोल्या किती आहेत हे सिनेमा सांगत नाही.

आणि एक गोष्ट कोणीच दाखवत नाही: बरोबर निर्णय घेऊनही हरणं. २००२ मध्ये ओकलंड पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून २-३ नं हरलं. त्यांच्याच गटातल्या, त्यांच्यापेक्षा चार विजय कमी असलेल्या ॲनाहाइमनं वर्ल्ड सिरीज (मेजर लीगची अंतिम मालिका) जिंकली. २०२० च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात टॅम्पा बेच्या मॅनेजरनं सहाव्या इनिंगमध्ये, ७३ चेंडूंवर, अप्रतिम टाकणाऱ्या ब्लेक स्नेलला काढून घेतलं. पिचर त्याच बॅटरांसमोर तिसऱ्यांदा आला की मार खातो, हा हिशेब त्यामागे होता. नंतरच्या पिचरनं आघाडी घालवली, डॉजर्स जिंकले. मी त्या रात्री घरी एकटाच ते पाहत होतो. तो निर्णय मला आजही जवळपास बरोबर वाटतो, आणि स्नेलचा मैदानातून उतरतानाचा चेहरा आठवला की अजून पोटात कालवतं.

तुम्ही 'मनीबॉल' पुन्हा पाहणार असाल तर विसाव्या विजयाचा प्रसंग सावकाश पाहा. ४ सप्टेंबर २००२, समोर कॅन्सस सिटी. ११-० ची आघाडी घेऊन ती ११-११ वर येते. हे खरंच तसं घडलं, लेखकाला काही जोडावं लागलेलं नाही. नवव्या इनिंगमध्ये हॅटेबर्ग बदली बॅटर म्हणून येतो आणि त्याच्या होमरनवर सामना संपतो. सगळे तो होमरन पाहतात. मी पाहतो त्याच्या आधीचा चेंडू. जेसन ग्रिम्स्लीनं टाकलेला पहिला चेंडू स्ट्राइक झोनच्या (चेंडू चांगला धरला जातो त्या पट्ट्याच्या) बाहेर होता, पन्नास हजारांवर माणसं ओरडत होती, आणि हॅटेबर्गनं बॅट न हलवता तो सोडून दिला.